एका क्रियापदाची वही

अर्ध्या भाकरीत पोट भरतं, हे माझ्या बायकोने मला जून महिन्यातच सांगितलं होतं. मी त्या वाक्यातला एक शब्द लाल पेनने दुरुस्त केला आणि पुढच्या वाक्याकडे वळलो. डॉक्टरकडे आम्ही गेलो तो नोव्हेंबर. मधले पाच महिने ती सांगत राहिली आणि मी तपासत राहिलो. ती वही आता माझ्यासमोर टेबलावर आहे. खाकी कव्हर घातलेली, दोनशे पानी, त्यातली साठेक पानं भरलेली. प्रत्येक पानावर तिच्या निळ्या अक्षरांत माझं लाल अक्षर घुसलेलं आहे.

मी इंग्रजी बोलायला शिकवतो. राहायला सानपाड्याला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये. क्लास खारघरला, एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत. माझ्याकडे येणारी माणसं तळोज्याच्या कारखान्यांत काम करणारी असतात, मॉलमध्ये उभी राहणारी असतात, कॉलेजातली असतात. इंटरव्ह्यूला समोरच्याने इंग्रजीत एक प्रश्न टाकला की यांची वाचा बसते. ती भीती मला माहीत आहे. मराठवाड्यातल्या आमच्या वस्तीतला मी पहिला बी.ए. वसतिगृहात अंथरुणावर बसून मी इंग्रजी घोकली आणि तिच्या जोरावर इथवर आलो, त्यामुळे इंग्रजीचा मला अभिमान आहे आणि चुकीच्या इंग्रजीचा भयंकर राग आहे. लग्नाची पत्रिका हातात आली तरी मी आधी तिच्यातली चूक शोधतो. नातेवाईक पत्रिका देताना म्हणतात, "सर, तपासून द्या."

क्लासची एक रीत आहे. पहिला महिना मी एकच क्रियापद शिकवतो, गेट. नवी मुलं हिरमुसतात. एवढासा शब्द, तो तर आम्हाला येतो, मिळणे. मग मी फळ्यावर एका इंग्रज माणसाचा दिवस मांडतो. तो झोपेतून उठतो तिथे गेट, कपडे चढवतो तिथे गेट, ऑफिसला पोचतो, फोन येतो, पगार मिळतो, विनोद कळतो, पावसात भिजतो, दमतो, चिडतो, घरी परततो, आजारी पडतो, बरा होतो, सगळीकडे गेट. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला वेगळं क्रियापद. आपल्याला पगार मिळतो, पण ताप मिळत नाही, ताप येतो. राग येतो, पण भूक लागते, घाम सुटतो, केस पिकतात. आपण एवढी क्रियापदं वापरत जगतो, म्हणून तिकडच्या या एका शब्दापाशी येऊन अडखळतो. मी म्हणायचो, "हे आळशी लोकांचं क्रियापद आहे. हे एक पक्कं धरा आणि महिनाभर निवांत बोला." मुलं हसायची. दर बॅचला त्याच ठिकाणी हसायची.

घरचा अभ्यास म्हणजे रोज गेटची पाच वाक्यं, वर तारीख घालून. त्या वह्या मी घरी आणतो आणि सकाळी चहा झाला की तपासतो. एकही ओळ न वाचता सोडत नाही. पूर्णविराम राहिला असेल तर तोही घालतो. या बाबतीत माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकणार नाही, असं मी कालपरवापर्यंत मोठ्या तोंडाने सांगायचो.

सुरुवातीच्या एका बॅचमध्ये एक वॉचमन होता, साताऱ्याकडचा. त्याची वही रोज कोरी यायची. मी सगळ्यांसमोर झापल्यावर तो उभा राहून म्हणाला, "सर, आमच्या घरातलं काय लिवू? लिवण्यासारखं काय पण नाय." तेव्हा मला माझीच चूक कळली. या लोकांना स्वतःबद्दल खरं लिहा म्हणणं म्हणजे त्यांची अब्रू वहीत मागणं होतं. मी दुसऱ्या दिवशी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं, वाक्य खोटं चालेल, चुकीचं चालणार नाही. त्या दिवसापासून वह्या भरून यायला लागल्या. वॉचमनने लिहिलं, आय गॉट अ हेलिकॉप्टर फ्रॉम माय फादर-इन-लॉ. मी त्याला शाबासकी दिली.

नियम चांगला होता. वाईट एवढंच झालं की हळूहळू वाक्यात माणूस असतो हेच मी विसरलो. कोणाची आई वारली असं वहीत आलं तरी मी भूतकाळाचं रूप बघायचो. खरंच वारली की वाक्यासाठी वारली, हे विचारत बसलो असतो तर वह्या संपल्याच नसत्या.

बायको सातवी शिकलेली. लग्न झालं तेव्हा मी तिला म्हणालो होतो, तुला शिकवीन. पंचवीस वर्षं म्हणतच राहिलो. मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न करून बंगळूरला गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी दिवसभर बोलून घसा बसवून यायचो आणि घरी गप्प असायचो. मे महिन्यात एका सकाळी मी वह्या तपासत होतो तेव्हा ती समोर येऊन बसली.

"अहो, मला बी शिकवा की. एक वही मला बी द्या."

"कामून? साहेबीण व्हायचंय का?"

"व्हायचंय," ती म्हणाली आणि हसली नाही.

मला मजा वाटली. मी तिला वही दिली, क्लासचे सगळे नियम सांगितले, खोट्या वाक्याचासुद्धा. ती दुपारी लिहायची आणि संध्याकाळी माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यावर आपली वही आणून ठेवायची. तशी ती हुशार. मुलीचा अभ्यास घेता घेता पुष्कळ शिकली होती. पहिल्या पानावर आहे, आय गेट अप ॲट फाइव्ह. त्याखाली, माय हजबंड गेट अँग्री. मी तिथे एस वाढवला आणि समासात लिहिलं, गुड. तिला बोलावून दाखवलंही. आम्ही दोघं हसलो. ते पान उघडलं की आता माझ्याने पुढे जाववत नाही.

जूनमध्ये ते अर्ध्या भाकरीचं वाक्य आहे, आय गेट फुल इन हाफ भाकरी. तिने इन लिहिलं होतं, मी ते खोडून आफ्टर केलं. जुलैमध्ये, आय गेट टायर्ड ऑन थर्ड फ्लोअर. मी द घातला. त्याच आठवड्यात, आय गेट अप फोर टाइम्स इन नाइट. मी इन खोडून ॲट केलं. ऑगस्टमध्ये एकाखाली एक दोन वाक्यं आहेत. माय बँगल्स गेट लूज. माय ब्लाऊज गेट लूज बट परकर गेट टाइट. तिथे मी समासात मराठीत शेरा मारला आहे: "बांगड्या सैल आणि परकर घट्ट? एकाच बाईचे? वाक्य लिहिताना थोडा विचार करावा."

हा शेरा माझ्या अक्षरात आहे. खाली माझी सही आहे.

त्याच सुमाराला ती एकदा ओट्यापाशी उभी राहून मराठीतही बोलली होती. "पोट फुगायलंय हो लई." मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "ओवा खा. आणि संध्याकाळी डाळ नको करूस." तिने ओवा खाल्ला की नाही मला माहीत नाही. डाळ मात्र केली नाही.

सप्टेंबरात मी याहून पुढची गोष्ट केली. बॅचला जिवंत वाक्य म्हणजे काय ते दाखवायचं होतं. पुस्तकातली वाक्यं मेलेली असतात, असं माझं लाडकं मत. म्हणून मी बायकोच्या वहीतली दोन वाक्यं, माझ्या दुरुस्त्यांसकट, फळ्यावर लिहिली. अर्ध्या भाकरीत माझं पोट भरतं, आणि तरी ते मोठं होत चाललंय. वाक्य कोणाचं ते सांगितलं नाही. मुलांना भाकरी इंग्रजीत आलेली बघून गंमत वाटली.

मागच्या बाकावर एक बाई बसायच्या. पस्तिशीच्या, नावड्याच्या, एका हॉस्पिटलात वॉर्डमध्ये कामाला. त्यांनी हात वर केला.

"सर, ही बाई कोन हाय? हिला डॉक्टरला दाखवलाव का?"

"बाई नाही, वाक्य आहे ते," मी म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. अशा जागी टाळी घ्यायची मला सवय आहे.

क्लास सुटल्यावर त्या दाराशी थांबल्या. "सर, आमच्या वॉर्डात अशा बायका येतान. खरी कोनी असंल तर सोनोग्राफी करून घ्या तिची." मला राग आला. मला कोणी काही शिकवलं की येतो तसा. मी म्हणालो, "तुम्ही इंग्रजी शिकायला येता की पेशंट शोधायला?" त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या आठवड्यात त्यांची ड्यूटी बदलली म्हणे. त्या पुन्हा आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी बसमध्ये ते माझ्या डोक्यात होतं, हे मी लपवणार नाही. घरी आलो तेव्हा बायको भाकरी थापत होती. मी दारात उभा राहून तिच्याकडे पाहिलं. विचारावं असं मनात आलं. पण विचारायचं म्हणजे माझा नियम मोडायचा, माझा शेरा मागे घ्यायचा, क्लासमध्ये हसलो ते चुकलं म्हणायचं. एवढं सगळं त्या एका प्रश्नाबरोबर आलं असतं. मी पाणी मागितलं. तिने हात धुऊन पाणी दिलं.

ऑक्टोबरात वाक्यं कमी होत गेली. पाचाची तीन, तिनाचं एक. मी समासात लिहिलं, अभ्यास अपुरा. शेवटच्या भरलेल्या पानावर एकच ओळ आहे. आय गेट स्केअर्ड. त्याच्या पुढे माझा शेरा: "कशाला? वाक्य पूर्ण करा." वर्गातल्या मुलांना लिहितो तसं, अहो-जाहो करून. तिने ते पूर्ण केलं नाही आणि त्यानंतर वही गठ्ठ्यावर आली नाही. कंटाळली असेल, असं मी धरून चाललो.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी विहारात वंदना झाली आणि सगळे उठले, तेव्हा ती जमिनीवरून उठू शकली नाही. दोन बायकांनी तिला काखेत धरून उठवलं. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने तिच्या पोटावर हात ठेवला आणि तिथेच, बुद्धमूर्तीसमोर, ती माझ्यावर ओरडली. "सर, एवढे शिकलेले तुम्ही. घरात बघता की नाही?" पुरुषांकडची सगळी माणसं माझ्याकडे वळली. मला आधी लाज वाटली, आणि ती स्वतःची वाटली, तिची काळजी नंतर वाटली. हा क्रम मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

सोनोग्राफीत पोटात पाणी निघालं. तिथून मोठ्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलं, हे किती दिवसांपासून होतंय?

"दोन-तीन आठवडे झाले असतील," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या मुलाला साधं वाक्य येऊ नये तेव्हा मी पाहतो तसं. "नीट सांगा की मॅडमला. तुमच्याकडं तारीखवार हाय."

मला खरंच कळलं नाही. मग ती म्हणाली, "वहीत."

मी रिक्षाने घरी गेलो, वही शोधली आणि घेऊन आलो. डॉक्टरांनी ती पहिल्या पानापासून वाचली. एका कागदावर त्यांनी जून लिहिलं, जुलै लिहिलं, ऑगस्ट लिहिलं, प्रत्येकापुढे एकेक लक्षण. हात बारीक होतात आणि पोट वाढतं, हे त्या म्हणाल्या तेव्हा मी मान खाली घातली. बांगड्यांच्या पानावर त्या थांबल्या, समासातला शेरा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. त्यांनी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी तिला म्हणालो, "अगं, सरळ सांगायचं होतंस ना मला."

"सांगितलं की. ओवा खा म्हणालात." ती म्हणाली. "घरातलं बोलणं तुमच्या कानावरनं जातंय. पोरांच्या वह्या मात्र टिंब टिंब वाचता. मला वाटलं, वहीत लिव्हलं की तुमी वाचाल."

"वाचलं मी," मी म्हणालो.

"हो. वाचलंत," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो आणि मला हलकं वाटलं असतं.

अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. जूनमध्ये आलो असतो तर, असं मी डॉक्टरांना एकदा विचारलं. "तसं सांगता येत नाही," असं म्हणून त्या कॉम्प्युटरकडे बघायला लागल्या. मी पंचवीस वर्षं माणसांची तोंडं बघून शिकवतो आहे. मला उत्तर कळलं.

हॉस्पिटलात दिवसभर तेच क्रियापद कानावर पडतं. रिपोर्ट आणा, ॲडमिट करून घ्या, सुई टोचताना हात सैल सोडा, त्या बऱ्या होतील, सगळं गेटमध्ये. क्लासच्या मुलांनी एक कार्ड पाठवलं, गेट वेल सून. बायकोने ते मोठ्याने वाचलं, एकेक शब्द सुटा, उच्चार अगदी बरोबर. माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोबर हाय ना?" मी हो म्हणालो आणि औषधाची चिठ्ठी आणायची आहे असं सांगून खाली गेलो.

क्लास मी बंद केला नाही, करूनही चालणार नव्हतं. फळ्यावरचा नियम मात्र पुसला. आता खरंच लिहा म्हणतो, तर वह्या पुन्हा कोऱ्या यायला लागल्या आहेत. मुलं माझ्याकडे बघत बसतात. त्यांना काय झालं ते माहीत नाही, आणि मी सांगितलेलं नाही.

मी तिच्यासाठी नवी वही आणली होती. इंग्रजीत नको, मराठीत लिही, मी पेन हातात घेणार नाही, असंही सांगितलं. तिने ती उशाला ठेवली आणि चार दिवसांनी कपाटात टाकली. "आता कशाला? आता समद्यांना ठावं हाय," म्हणाली. मी दिवसातून दहा वेळा विचारतो, दुखतंय का, मळमळतंय का, झोप लागली का. ती म्हणते, "न्हाई. बरं हाय." कधीही विचारा, तेच उत्तर.

केमोच्या वॉर्डात नर्स दर वेळी विचारते, मावशी, दुखणं दहापैकी किती? बायको आधी माझ्याकडे बघते, मग म्हणते, "दोन." मला ते दोन ऐकून बरं वाटायचं. एकदा मी खालून इंजेक्शन घेऊन आलो तेव्हा पडदा ओढलेला होता. आत ती सांगत होती, "आठ. परवापासून आठच हाय. यांना नका सांगू बाई, उगं जेवायचे न्हाईत." मी तिथेच उभा राहिलो. हातातली पिशवी गार होती, औषध बर्फात ठेवून दिलेलं.

पुढच्या खेपेला नर्स माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, पाच मिनिटं बाहेर थांबता का? तुमच्यासमोर त्या नीट सांगत नाहीत."

आता नर्सला मला सांगावं लागत नाही. नर्स फाईल घेऊन येताना दिसली की मी आपणहून उठतो, काहीतरी काम काढल्यासारखं करतो आणि कॉरिडॉरच्या पार टोकाला, पाण्याच्या मशीनपाशी जाऊन उभा राहतो. आत ती आकडा सांगते. मला ऐकू येणार नाही एवढ्या लांब मी जातो, कारण मी जवळ असलो तर ती खरं बोलत नाही.